पाळी पाचवीत, धडा दहावीत

कोल्हापुरात एखादी मुलगी नवव्या-दहाव्या वर्षी वयात यायला लागली की घरात, गल्लीत आणि पुष्कळदा दवाखान्याच्या बाकावरही दोनच आरोपी उभे केले जातात. एक ब्रॉयलर कोंबडी आणि दुसरं इंजेक्शन देऊन काढलेलं म्हशीचं दूध. "आमच्या वेळी असलं काय नव्हतं बाई, चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर न्हाण यायचं," असं आजी सांगते, आणि पुढच्या रविवारपासून त्या मुलीच्या ताटातलं चिकन बंद होतं. तिच्या भावाच्या ताटातलं तसंच राहतं. माझी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली. त्या नोकरीत जे पाहिलं आणि या विषयावर जे वाचलं, त्यावरून माझं मत झालं आहे की आपण मूळ शोधतोय ते भलत्याच ठिकाणी. मुलगी लवकर वयात येण्याची बरीचशी पूर्वतयारी तिच्या आईच्या गरोदरपणात आणि तिच्या स्वतःच्या पहिल्या काही वर्षांत झालेली असते. आणि ज्या वयात तिला आधाराची गरज पडते, त्या वयात आपली शाळा, आपल्या योजना आणि आपली घरं तिच्यापर्यंत पोहोचलेलीच नसतात.

दुधापासून सुरुवात करते, कारण हे दुधाचं शहर आहे. गंगावेशीत डोळ्यांदेखत पिळलेलं धारोष्ण दूध उभ्याउभ्या पिणारी माणसं आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. जिल्ह्यातल्या हजारो घरांचा खर्च दुधाच्या बिलावर चालतो. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून काही गोठ्यांत ऑक्सिटोसिन टोचतात, हे खरं आहे. ते जनावराचे हाल करणारं आहे आणि त्याला विरोध व्हायलाच हवा. पण ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचं, प्रथिनाच्या जातीचं हार्मोन आहे. पोटात गेलं तर ते इतर प्रथिनांसारखं पचून जातं, आणि मुलीची छाती वाढवणाऱ्या इस्ट्रोजेनशी त्याचं काही नातं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं इंजेक्शन दिलेल्या जनावरांचं दूध तपासलं, तेव्हा त्यात ऑक्सिटोसिन वाढलेलं आढळलं नाही. ब्रॉयलरचंही तसंच. पाच-सहा आठवड्यांत ती कोंबडी दोन किलोची होते ती निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. वाढीचं हार्मोन प्रथिनाचं असल्यानं ते खाद्यात मिसळून चालत नाही, एकेका पक्ष्याला टोचावं लागेल, आणि हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये ते कुणालाही परवडणारं नाही. पोल्ट्रीत अँटिबायोटिक बेसुमार वापरतात ही काळजीची गोष्ट आहे, पण ती वेगळी काळजी आहे आणि तिच्यावर वेगळं लिहायला हवं.

आहाराचा काहीच वाटा नाही, असं मात्र मी म्हणत नाही. जर्मनीत मुलांचा आहार वर्षानुवर्षं नोंदवत केलेल्या एका अभ्यासात, पाच-सहा वर्षांच्या वयात प्राणिज प्रथिनं जास्त खाणारी मुलं जराशी लवकर वयात आली, आणि डाळी-धान्यांतली प्रथिनं जास्त खाणारी जराशी उशिरा. असे फरक एकूण आहाराचे असतात, काही महिन्यांचे असतात. एका वाटीभर रश्श्यानं मुलगी वयात येत नाही. आणि संशयापोटी तिचं दूध, अंडं, मटण तोडणं हे तर उघड नुकसान आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं आहे. ज्या वयात दर महिन्याला रक्त जायला सुरुवात होते, नेमकं त्याच वयात आपण तिच्या ताटातलं लोह काढून घेतो.

आता लवकर म्हणजे किती लवकर, हे आधी नीट समजून घेऊ. मुलींमध्ये पहिली खूण छातीची वाढ. आठ ते तेरा या वयात ती कधीही सुरू झाली तरी वैद्यकशास्त्र त्याला सर्वसाधारण मानतं. त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे साडेआठला छाती वाढू लागली आणि अकराव्या वर्षी पाळी आली, तर त्या मुलीला काही आजार झालेला नाही. आठच्या आत छाती वाढायला लागली, किंवा खूप झपाट्यानं बदल होऊ लागले, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं. ते डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, रक्तातली हार्मोन्स तपासतात, सोनोग्राफी करतात, आणि मुलगी सहाच्या आतली असेल तर मेंदूचा एमआरआयही सांगतात, कारण क्वचित मूळ तिथं असतं. बहुतेक मुलींच्या बाबतीत मात्र असं ठळक कारण सापडत नाही.

आजी म्हणते ते अर्धं खरं आहे. वय खाली आलंय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उत्तर युरोपातल्या मुलींना सोळा-सतराव्या वर्षी पाळी यायची, आज तिथं ती तेराच्या आसपास येते. त्यातली बरीचशी घसरण ही चांगल्या दिवसांची खूण होती. पोटभर अन्न मिळालं, साथी कमी झाल्या, शरीर वेळेवर वाढू लागलं. भारतातही पाळीचं वय दर दशकाला सुमारे एका महिन्यानं उतरत आल्याचं देशव्यापी पाहणीतून दिसतं. अलीकडचं चित्र जरा निराळं आहे. कोपनहेगनमध्ये १९९१ च्या सुमाराला मुलींची छाती वाढायला सरासरी पावणेअकरा वर्षांच्या पुढे सुरुवात व्हायची. पंधरा वर्षांनी, २००६ ला, तेच वय दहाच्या खाली आलं होतं. म्हणजे तब्बल एका वर्षानं अलीकडे. पाळीचं वय मात्र तेवढ्यात जेमतेम तीन-चार महिन्यांनी खाली आलं. जगभरातले अभ्यास एकत्र करून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातही, १९७७ ते २०१३ या काळात छातीच्या वाढीचं वय दर दशकाला सुमारे तीन महिन्यांनी उतरलेलं दिसलं. याचा अर्थ मुलींचं वयात येणं आता लवकर सुरू होतं आणि जास्त काळ रेंगाळतं. तिसरीतल्या मुलीला फ्रॉक घट्ट होतो, आणि पाळी येईपर्यंत तिच्याकडे बघून कुजबुजायला सगळ्यांना दोन-तीन वर्षं मिळतात.

हे का होतं? सगळ्यात मोठा वाटा आनुवंशिकतेचा. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांवरून पाळीच्या वयातल्या फरकांपैकी निम्मा किंवा त्याहून अधिक भाग वंशातून येतो असं दिसतं. आईला लवकर आली असेल तर मुलीलाही लवकर येण्याची शक्यता जास्त, आणि दवाखान्यात विचारायचा पहिला प्रश्न खरं तर हाच आहे. पण वंश काही पंधरा वर्षांत बदलत नाही. बदलतं ते गर्भातलं आणि बालपणातलं वातावरण. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या नोंदींवरून २०१८ साली दाखवलं गेलं की ज्या मातांचं वजन गरोदरपणाआधीच फार जास्त होतं किंवा गरोदरपणात साखर वाढली होती, त्यांच्या मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात लवकर झाली. डेन्मार्कमधल्या हजारो माता-मुलांच्या पाठपुराव्यातही आईचं वजन आणि गरोदरपणातलं धूम्रपान यांचा असाच संबंध दिसला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे इथं मुद्दाम लिहिते. आईच्या वजनाबरोबर घरातला आहार, सवयी आणि जनुकंही मुलीकडे जातातच. तरी इतक्या वेगवेगळ्या ठिकाणच्या अभ्यासांचं बोट त्याच दिशेला जात असेल, तर त्याकडे पाठ फिरवता येणार नाही.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो स्वीडनमधला अभ्यास, कारण त्यातल्या मुली आपल्या होत्या. भारतातून दत्तक गेलेल्या मुलींना तिथं पाळी कधी आली, हे १९९१ साली प्रसिद्ध झालं. त्यांचं मधलं वय निघालं ११.६ वर्षं. स्वीडिश मुलींचं तेव्हा तेराच्या आसपास होतं, आणि भारतातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलींचंही साडेबाराच्या पुढेमागे. म्हणजे दत्तक गेलेल्या मुलींना इथल्या खात्यापित्या घरच्या मुलींपेक्षाही लवकर पाळी आली. इथं जन्मताना अशक्त, खुरटलेल्या, आणि तिथं गेल्यावर भरपूर अन्न मिळून झपाट्यानं वाढलेल्या त्या मुली. जितकी खुरटलेली सुरुवात आणि जितकी वेगानं भरपाई, तितकी पाळी अलीकडे. आणि वाढही लवकर थांबल्यानं त्यांपैकी अनेकींची उंची खुजीच राहिली.

हा स्वीडनचा किस्सा म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण तेच आज आपल्या गावातल्या गावात घडतंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवला आहे. त्यांना दिसलं की आपली बाळं जन्मतात सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपली बाळं सगळ्या बाजूंनी लहान नसतात. स्नायू कमी, पोट-यकृत लहान, आणि त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ शाबूत. दिसायला बारीक, आतून चरबीचं. अशा बाळाला पहिल्या दोन वर्षांत, आणि मग शाळेत जाण्याच्या वयात, भराभर वजन चढलं की त्या चरबीतून लेप्टिन नावाचं हार्मोन मेंदूला सांगत राहतं की शरीराकडे साठा आहे. मेंदूतला वयात येण्याचा कारभार या निरोपाची वाट बघत असतो. एकट्या लेप्टिननं काही होत नाही, पण तो निरोप असल्याशिवाय पुढचं काही चालू होत नाही.

आणि आपल्याकडे बाळाला बाळसं धरायला लावायची घाई केवढी असते! सुदृढ बालक स्पर्धेत बक्षीस मिळतं ते गालांना. गरोदर बाईला सांगितलं जातं, दोन जिवांची आहेस, दोघांचं खा. ती शेतातली असली तर तिच्या वाट्याला दोघांचं सोडा, एकीचंही पुरेसं येत नाही. ती रंकाळ्याकाठच्या फ्लॅटमधली असली तर डिंकाचे लाडू, तूप आणि सक्तीची विश्रांती यांत तिचं वजन चौदा-पंधरा किलोनं चढतं आणि साखर वाढलेली कळतही नाही. दोन टोकं आहेत ही. एका टोकाला कमी वजनाचं बाळ, ज्याचं वजन पुढे पावडरच्या दुधानं आणि बिस्किटांनी घाईनं भरून काढलं जातं. दुसऱ्या टोकाला साखरेच्या गर्भात वाढलेलं मोठं बाळ. दोन्ही टोकांच्या मुली पुढे एकाच वर्गात, एकाच बाकावर येऊन बसतात, आणि दोघींनाही लवकर पाळी येण्याची शक्यता वाढलेली असते.

इथं एक धोका आहे आणि तो मला लिहिता लिहिता जाणवतोय. कोंबडी सुटली आणि आई सापडली, असं होता कामा नये. आईचं वजन, तिची साखर, तिचं रक्त हे तिच्या एकटीच्या मर्जीनं ठरत नाही. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे बावीस टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं २०१९ ते २१ च्या सर्वेक्षणात आढळलं. आपल्या कारखान्यांच्या गळीत हंगामात मराठवाड्यातून तोडीला येणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, आणि कोयता पुरा करायला पोरींची लग्नं लवकर उरकली जातात. सतराव्या वर्षी गरोदर राहिलेल्या मुलीच्या शरीराला अजून स्वतःलाच वाढायचं असतं. भूक मारायला तिला मशेरी लावायची सवय लागलेली असते. मुंबईत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मशेरी-तंबाखूसारखी धूर नसलेली तंबाखू घेणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं होतं. हे ग्रॅम त्या बाईच्या खात्यावर मांडायचे, की तिला लवकर बोहल्यावर चढवणाऱ्यांच्या? आणि ते बाळ मुलगी असेल, लवकर वयात आली, आणि "आता पदर आलाय" म्हणून तिचंही लग्न लवकर उरकलं, तर तेच चक्र पुन्हा फिरतं.

या टोकाला सरकारनं काय करायचं, ते कागदावर आधीच आहे. प्रत्येक गरोदर बाईची साखर दोनदा तपासायची: पहिल्या भेटीत आणि पुन्हा चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजायचं आणि दोन तासांनी रक्त घ्यायचं. उपाशी पोटी यायचीही गरज नाही. आकडा १४० वर गेला की उपचार. इतकी साधी तपासणी राधानगरी-गगनबावड्याच्या वाडीतल्या बाईची होते का, झाली तर वेळेत होते का, आणि वाढलेली साखर निघाल्यावर तिला आहार सांगणारं कुणी असतं का, हे प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखे आहेत. आपण ग्रामसभेत रस्ता आणि पाणी विचारतो. हेही विचारायला हवं.

जन्मानंतरची गोष्ट आता. करोनाच्या टाळेबंदीत इटलीतल्या डॉक्टरांना दिसलं की अकाली वयात येणाऱ्या मुली एकदम वाढल्या. मग तुर्कस्तानातून, आणि आपल्या पुण्यातूनही, तशाच नोंदी आल्या. कोंबडी काही त्या वर्षी बदलली नव्हती, दूधही नाही. बदललं होतं ते मुलींचं जगणं. घरात बसणं, खाणं, झोपेचं बिघडणं, मोबाईल आणि घरातला ताण. यांपैकी नेमकं कशानं किती झालं ते वेगळं करून दाखवणं कठीण आहे, पण ही सगळी मुलीच्या ताब्याबाहेरची कारणं होती.

खेळाच्या बाबतीत तर कोल्हापूरकर म्हणून मला राग येतो. पेठेपेठेत तालीम असलेलं हे शहर. फुटबॉलच्या सामन्यासाठी अख्खी पेठ शाहू स्टेडियमवर लोटते. तेजस्विनी सावंतनं नेमबाजीत २०१० साली जगज्जेतेपद आणलं, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, तेव्हा आपण फलक लावले. पण संध्याकाळी पाच ते सात या वेळात आपल्या गल्लीत आठ-नऊ वर्षांच्या किती मुली धावताना दिसतात? मुलगे दिसतात. मुली शिकवणीला, नाहीतर धाकट्या भावाला सांभाळत दारात. आणि छाती वाढायला लागली की उरलेला खेळही बंद. वजन वाढतं म्हणून ती लवकर वयात येते, आणि वयात आली म्हणून तिला घरात बसवून तिचं वजन आणखी वाढवतो.

ताणाबद्दल मोकळेपणानं बोलायला हवं. बालपणी घरात सतत मारहाण, वडिलांनी सोडून जाणं, उपेक्षा, यांचा लवकर पाळी येण्याशी संबंध पुष्कळ देशांत दिसला आहे. अमेरिकेत लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलींचा दीर्घकाळ मागोवा घेतला, तेव्हा त्या इतर मुलींपेक्षा आठ ते बारा महिने आधी वयात आल्याचं २०१७ साली नोंदलं गेलं. यावरून लवकर वयात आलेल्या प्रत्येक मुलीकडे संशयानं बघायचं नाही. तसं करणं म्हणजे नवा छळ. पण डॉक्टरांनी, शिक्षिकेनं, आशाताईनं एकदा तिला एकटीला बसवून, हळुवारपणे, घरी सगळं बरं आहे ना, एवढं विचारायला काय हरकत आहे? आणि उलट बाजूही आहेच. शरीर मोठं दिसलं की बघणाऱ्याची नजर बदलते. शरीरानं तेरा-चौदाची दिसली तरी ती दहा वर्षांचीच असते, कायद्यानं आणि मनानंही. तिला "आता तू मोठी झालीस, नीट बस" म्हणणाऱ्यांपैकी किती जण त्या बघणाऱ्या माणसाला दोन शब्द ऐकवतात?

रसायनांचा मुद्दा थोडक्यात. कॅलिफोर्नियातल्या शेतमजूर वस्तीतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास २०१९ साली आला. गरोदरपणी अत्तरं, क्रीम, साबण यांतली काही रसायनं ज्या मातांच्या लघवीत जास्त होती, त्यांच्या मुली काहीशा लवकर वयात आल्या. गरोदरपणात आणि लहान मुलींच्या अंगावर सुगंधी पदार्थांचा मारा कमी करावा, इतकं शहाणपण यातून घेता येईल. पंचगंगेत मिसळणारं सांडपाणी थांबलं पाहिजे, त्यासाठी भांडलंच पाहिजे, पण पुरावा हाती नसताना मुलींच्या पाळीचं खापर नदीवर फोडलं तर ब्रॉयलरचीच गोष्ट पुन्हा सुरू होईल.

चौथीच्या वर्गात एका दुपारच्या सुट्टीनंतर एक मुलगी बाकावरून उठेना. बाकीच्या मुली वर्गाबाहेर गेल्यावर ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, मला कुठं लागलंय ते कळंना. मी घरी जातो." तिला खरोखरच वाटत होतं की आपण कुठंतरी पडलो, आणि कुठं ते आठवत नाही. तिला काहीही, एक शब्दही, कुणी सांगितलेला नव्हता. शाळेत पॅड नव्हतं, बदलायला निकर नव्हती, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती. आईला बोलावलं तर आई रडायला लागली, जणू पोरीला काही भयंकर झालंय. पुढच्या आठवड्यात त्या मुलीचं नाव खो-खोच्या संघातून काढून घ्यायला वडील आले.

ती मुलगी कुठल्या योजनेत बसते ते बघा. महिला दिनाच्या मुहूर्तावर २०१८ साली राज्यात आलेली अस्मिता योजना जिल्हा परिषद शाळांतल्या अकरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींसाठी होती, पाच रुपयांत आठ पॅड. केंद्राचा किशोर स्वास्थ्य कार्यक्रम दहाव्या वर्षापासून पुढे. सर्वोच्च न्यायालयात २०२२ साली मोफत पॅडसाठी याचिका दाखल झाली, तिच्यातही मागणी सहावी ते बारावीच्या मुलींसाठी. मासिक चक्राची आकृती असलेला धडा आपल्या मुलांना भेटतो दहावीच्या विज्ञानात. पॅडच्या जाहिरातीसोबत व्याख्यान द्यायला बाहेरून पाहुण्या यायच्या, त्याही सातवी-आठवीच्या मुलींना बसवा म्हणायच्या. नऊ वर्षांची मुलगी कुणाच्याच यादीत नाही. ज्यांनी या योजना आखल्या त्यांनी त्यांच्या काळच्या सरासरीवर आखल्या, आणि सरासरीच्या अलीकडे राहणाऱ्या मुली कायम बाहेर राहिल्या. पाळी आली तेव्हा सगळ्यात कमी समज आणि सगळ्यात कमी आधार जिच्याकडे असतो, ती नेमकी हीच.

इंजेक्शनबद्दल एक सांगायलाच हवं, कारण शहरात पालक आता त्याची मागणी करतात. मेंदूकडून येणारा संदेश थांबवून वयात येणं काही काळ रोखणारी औषधं आहेत, दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी टोचायची. आठच्या आत झपाट्यानं वयात येणाऱ्या मुलीला त्यांचा खरोखर उपयोग होतो, तिची उंचीही वाचते. पण दहाव्या-अकराव्या वर्षी नेहमीच्या क्रमानं पाळी येऊ घातलेल्या मुलीला ती उंचीसाठी किंवा "दहावीपर्यंत ही कटकट नको" म्हणून द्या, ही मागणी तिच्या शरीरावर अन्याय करणारी आहे. पाळी आल्यावर उंची थांबली असं समजून घाबरून जाऊ नका. त्यानंतरही बहुतेक मुली पाच-सात सेंटिमीटर वाढतात. आणि लवकर पाळीचे दूरचे परिणाम आहेतच. पाळी एकेक वर्ष अलीकडे येते तशी स्तनाच्या कर्करोगाची जोखीम साधारण पाच टक्क्यांनी वाढते, मधुमेहाचीही वाढते. त्यावर इलाज आहे तो मुलीचं वजन, तिचा खेळ, तिची झोप आणि पुढे तिच्या नियमित तपासण्या यांचा.

मग करायचं काय? शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. प्राथमिक शाळा ही आजही एकमेव जागा आहे जिथं जिल्ह्यातली जवळजवळ प्रत्येक मुलगी येते, तिची आई दवाखान्यात जाणारी असो वा नसो. म्हणून सांगायचं ते तिथं, आणि चौथीत. नऊ वर्षांच्या मुलीला प्रजननाचा धडा नको असतो. तिला इतकंच हवं असतं की छाती वाढेल, कधी एका बाजूला आधी वाढेल, थोडं दुखेल. मग केव्हातरी रक्त येईल. ते लागल्याचं नसतं. तेव्हा बाईंना सांगायचं. मुलग्यांनाही ते ऐकू द्यावं, कारण चिडवणारे तेच असतात, आणि माहीत असलेल्या गोष्टीवरून चिडवायला तेवढी मजा येत नाही, हे मी वर्गात पाहिलंय. चौथीच्या वर्गाच्या कपाटात पॅडचं एक पाकीट, दोन स्वच्छ निकरी, एक जुनी ओढणी. स्वच्छतागृहाला आतून कडी आणि झाकणाची बादली. याला वेगळा निधी लागत नाही, शाळेच्या अनुदानातून होतं.

खरी अडचण माणसांची आहे. शाहूवाडी, भुदरगड, गगनबावडा या तालुक्यांतल्या कित्येक वाड्यांवरच्या शाळा दोन शिक्षकांच्या आहेत, आणि पुष्कळदा दोघेही पुरुष. ते सांगायला लाजतात, आणि गावही त्यांच्या सांगण्याकडे कसं बघेल याची त्यांना भीती असते. ही भीती खोटी नाही. तिथं आशाताईला वर्षातून दोनदा शाळेत बोलवावं, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, आणि त्याच दिवशी आयांची सभा ठेवावी. आशाताई गावातल्या गरोदर बायकांची नोंद ठेवते, म्हणजे आईच्या साखरेपासून मुलीच्या पाळीपर्यंतचा हा सगळा प्रवास ठाऊक असलेली गावात ती एकटीच आहे. तिला त्या दिवसाचा वेगळा मोबदला द्यायला हवा, कारण आधीच तिच्या डोक्यावर डझनभर कामं आहेत. पुरुष शिक्षकांच्या प्रशिक्षणात या विषयाचं एक सत्र ठेवावं, आणि ते त्यांच्याच वयाच्या, मुली असलेल्या एखाद्या शिक्षकानं घ्यावं. पूर्वी मी असे दोन शिक्षक पाहिलेत. ते "माझ्या मुलीला असं झालं तेव्हा" असं म्हणून सुरुवात करायचे, आणि पुढच्या बाकावरच्या मुली मान वर करून ऐकायच्या.